न वरची लाट

जुलैची थंडी. दुकानाचं शटर अर्धं वर,
तेवढ्यात वाकून आत आल्या नेलिदा बेतान्कुर.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात नातवाचा शाळेतला लॅपटॉप,
हिरव्या कानांचा,
पाठीवर फुटबॉलचे स्टिकर, नखाने खरवडून सोडून दिलेले.

"यातलं सगळं काढ."
सगळं म्हणजे काय काय?
"जे जे हाक मारतं ते."

पायसान्दूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
एकोणीस वर्षं त्यांनी दोऱ्या खुपसल्या,
याचं तोंड त्याच्या कानाला,
धक्क्यावरचा दलाल मोन्तेविदेओतल्या कुणा बाईला.
बाळंतपणं, थकलेली भाडी, मयतीचे निरोप
सगळं त्यांच्या कोपराला घासून गेलं.
"जोडण्यात हयात गेली रे. आता एक तोडून दे."

अकरा स्क्रू निघाले, बारावा गंजलेला.
वायफायचं कार्ड ते केवढं, अंगठ्याच्या नखाएवढं,
त्याला दोन तारा, एक काळी, एक करडी.
चिमट्याने उपटलं तेव्हा
दुधाचा दात पाडल्यासारखा हात हलका झाला.
मग खेळ काढले. कॅमेऱ्यावर टेप.
कोपऱ्यातलं घड्याळ काढताना मी अडखळलो,
वेळ तरी असू दे, म्हणालो.
"वेळ माझ्याकडे आहे."

शेवटी काळ्या पडद्यावर एक उभी रेघ उरली,
उघडमीट करणारी.
"ही कुणाची वाट बघते?"
तुमची, म्हणालो,
आणि पैसे सांगायचे राहिले.

तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच. एक बटण मेलं होतं:
आमच्या भाषेतला तो न, ज्याच्या डोक्यावर लाट असते.
साधा न दाबून भागत नाही,
लाट पुसली की वर्षाचं ढुंगण होतं,
हे पहिलीतलं पोरही खिदळत सांगेल.
मी म्हटलं, नवा कीबोर्ड गुरुवारच्या बसने येईल.
"मागवू नकोस. सवय झाली, एवढं सांगायला आले."

आता त्या तिथे जागा सोडतात.
वर्ष आलं की बोट थांबतं.
स्वप्न आलं की थांबतं.
मूल. उद्या. शरद ऋतू.
"आणि संडास," त्या म्हणाल्या, "तिथेही थांबावं लागतं.
बाकी सगळं मी धावत लिहिते.
या शब्दांत धावायची सोय नाही, बरं झालं."

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन येतात.
मी छापतो. वाचत नाही.
म्हणजे अक्षरं वाचत नाही,
भोकं दिसतात, त्याला काय करू?
कुठल्या पानावर एक, कुठे तीन,
एकदा एका पानावर चौदा,
सगळी एकाच मापाची, एकाच शब्दाच्या पोटात.
कागद गरम होता. मी तो उलटा ठेवला.

न राहवून विचारलं,
एक्स्चेंजमध्ये ऐकायला बंदी होती ना?
"सक्त."
मग ऐकत होता?
"सगळं," त्या म्हणाल्या, मातेचा कप माझ्याकडे सरकवत.
"पण कधी मध्ये बोलले नाही.
एकदाच बोलले असते तर..." आणि नळीने तळ ढवळला.

ते कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काडेपेटीत.
परत द्यायला गेलो होतो.
"जिवंत आहे का अजून?"
असावं.
"मग तुझ्याकडेच बरं. माझ्या घरी रात्री वाजेल."

काल त्यांनी माझ्याच काउंटरवरचं पेन उचललं,
चष्मा कपाळावर ढकलला,
त्या चौदांतल्या पहिल्या भोकात न भरला
आणि त्यावर लाट काढली.
हात जरा थरथरला,
लाट हवी त्याहून उंच गेली.
उरलेल्या तेरांकडे त्यांनी पाहिलं.
पेनाला टोपण लावलं.

शब्द कुठला ते मी सांगणार नाही.
मी फक्त छापतो.